माळवद, पत्रा आणि स्लॅब : आपल्या डोक्यावरच्या छपराची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही तुमच्याशी छपराबद्दल बोलणार आहोत. छपराचा कसला आलाय इतिहास, असं काहीजणींना वाटेल. पण राजे-महाराजांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो, आणि ज्या छपराखाली आपण जन्मभर भाकऱ्या थापल्या त्याचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. तो आपणच सांगायला हवा.

वैशाखातली माळशिरसची दुपार तुम्हाला काय सांगायची! पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमच्या गटाची बैठक आम्ही एकदा अशाच दुपारी एका पत्र्याच्या खोलीत घेतली. अर्ध्या तासात सगळ्याजणी पदराने वारा घ्यायला लागल्या. एकीचं तान्हं बाळ रडून रडून लालबुंद झालं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "अगं पोरींनो, तिथं कशाला भाजून घेताय? माझ्या माळवदाखाली या की." आजींचं घर जुनं, चार खणांचं, मातीच्या छपराचं. आत पाऊल टाकलं आणि जीव थंड झाला. पंखा नव्हता, कूलर नव्हता. बाळ दहा मिनिटांत झोपलं. एक भिंत इकडे, एक तिकडे, ऊन तेच, गाव तेच. मग फरक कशाचा? फरक छपराचा. त्या दिवसापासून आम्ही घरोघरच्या आज्यांना, आत्यांना, जुन्या गवंड्यांना विचारत गेलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आधी माळवद म्हणजे काय ते नव्या सुनांसाठी सांगू. कुणी त्याला धाबं म्हणतात, कुणी माळवद. सोलापूर, मराठवाडा, माणदेश या कमी पावसाच्या पट्ट्यातलं हे छप्पर. आपल्या तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस. कोकणात पाणी पळवून लावायला उतरती कौलं लागतात. आपल्याकडे पाण्यापेक्षा ऊन मोठं, म्हणून आपल्या पूर्वजांनी सपाट आणि जाड मातीचं छप्पर निवडलं. लाकडी खांब उभे करायचे, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर कुठे फळ्या तर कुठे काटक्या आणि तुराट्या. त्यावर कडुलिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला दाबून पसरायचा, म्हणजे माती खाली गळत नाही आणि किड्यामुंगीलाही आळा बसतो. मग ओल्या मातीचा थर, वर कोरड्या मातीचा थर, आणि शेवटी पांढऱ्या, खारवट मातीचा थर चोपून चोपून बसवायचा. ही चोपणासारखी माती पाणी लागलं की मिटून घट्ट होते, पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यात गवतही सहजी उगवत नाही. पाणी जायला कडेला पन्हाळी ठेवायच्या.

आता हे थंड का राहतं? मातीला तापायला वेळ लागतो. फूटभर मातीच्या थरातून वरचं ऊन खाली पोचायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनला वर जे ऊन पडलं त्याची ऊब खाली मध्यरात्रीच्या सुमाराला पोचते, तोवर बाहेर गारवा सुटलेला असतो. थंडीत उलटं. दिवसाची ऊब रात्री आत झिरपते आणि गोधडी थोडी कमी लागते. पुस्तकात ज्याला उष्णतारोधक थर म्हणतात, तो आपल्या आज्यांच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या होता.

काही मोठ्या घरांत दुसरी युक्ती होती. वर कौलं, आणि त्याखाली फळ्यांचा माळा. माळ्यावर बियाणं, कडधान्याची मडकी, मोडकं सामान. कौलं तापली तरी ती झळ माळ्यावरच्या हवेत अडायची, खालच्या माणसांपर्यंत येत नसे. मंगळूरी कौलं आपण जुनी समजतो, पण त्यांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळूरला बासल मिशनने काढला आणि तिथून ती महाराष्ट्रभर पसरली. माळवद त्याच्या कितीतरी आधीचं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती कुणी बोलत नाही. हे थंड छप्पर फुकट थंड राहत नव्हतं. त्याला बायांचे हात लागायचे. वैशाख संपता संपता, पाऊस लागायच्या आत आणि माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने यायच्या आत माळवद धडधाकट करून ठेवायचं, असा अनेक घरांतला शिरस्ता. पांढरी माती खणायची, पाट्या डोक्यावर घेऊन शिडीने वर चढायचं, माती पसरायची, पाणी मारायचं, पायाने तुडवायची, धुमश्याने चोपायची, वरून शेणकाला फिरवायचा. आज्या सांगतात, पोटुशी बाईसुद्धा पाटी उचलायची. पावसाळ्यात रात्री कुठे थेंब पडला की भांडी लावायची बाईनेच, आणि पहाटे वर जाऊन उंदराचं बीळ बुजवायचं तेही तिनेच. त्याच माळवदावर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड वाळायचे, मिरच्या पसरायच्या, आणि रात्री अंथरुणं पडायची. दिवसभर ज्या बाईला उंबऱ्याबाहेर बसायची मोकळीक नव्हती, तिला रात्री चांदण्यात मोकळा श्वास तिथे मिळायचा. म्हणून माळवद म्हटलं की आज्यांच्या डोळ्यांत पाणीही येतं आणि कंबर धरून "नको गं बाई ते" असंही त्या म्हणतात. दोन्ही खरं आहे.

मग हे छप्पर गेलं कसं? आपल्या तालुक्यात त्याची सुरुवात पाण्याने झाली. भाटघरचं मोठं धरण १९२०च्या दशकाच्या शेवटी पुरं झालं आणि नीरा उजव्या कालव्याचं पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे आलं. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी इथे येऊन ऊस लावला आणि १९३२ साली स्वतःचा साखर कारखाना काढला. त्या वस्तीचं नाव माळीनगर. पुढे श्रीपूर, शंकरनगर, सदाशिवनगर इथेही धुराडी उभी राहिली. उसाबरोबर पैसा आला, रस्ते आले, आणि मालमोटारीतून नवं छप्पर आलं. ते छप्पर म्हणजे पत्रा.

पत्र्याचा जन्म आपल्याकडचा नाही. लंडनच्या गोदीतले एक इंजिनिअर हेन्री पामर यांनी १८२९ साली लोखंडाच्या पत्र्याला नागमोडी घड्या घालायची युक्ती काढली. घडीमुळे पातळ पत्राही वाकत नाही. १८३७ साली फ्रान्समध्ये त्याला जस्ताचा मुलामा द्यायची रीत निघाली, म्हणजे गंज लवकर चढत नाही. हा पत्रा इंग्रजांनी जगभर नेला. गोदामं, रेल्वे, लष्कराच्या बराकी यांना तो सोयीचा. हलका, एका दिवसात बसणारा, गळती नाही. पण तो माल ठेवायला काढलेला होता, भर दुपारी चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी नव्हे. पत्र्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. वर ऊन पडलं की काही मिनिटांत तीच धग खाली. वरून सूर्य, खालून चूल, मध्ये आपण.

तरीही पत्र्याला नावं ठेवताना जपून ठेवू. ज्यांच्या घरावर उसाच्या पाचटाचं छप्पर होतं त्या बायांना विचारा. पाचट गार असतं, पण एक ठिणगी उडाली तर संसार राख. विंचू-साप वेगळेच, आणि दर एक-दोन वर्षांनी नवं शाकारणं आलंच. अशा बाईला पहिला पत्रा बसला तेव्हा तिने पेढे वाटले, ते उगाच नाही. ऊसतोडीला येणाऱ्या आपल्या बहिणी अजूनही हंगामभर कोपीत राहतात, त्यांना आगीची भीती काय असते ते चांगलं ठाऊक आहे.

पण माळवदावरचा खरा विश्वास उडाला तो एका रात्रीत. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मातीत गेली. आठ ते दहा हजार माणसं गेली. धक्का आपल्या सोलापूर जिल्ह्यातही जाणवला. त्यानंतर कित्येक रात्री लोक अंगणात झोपत होते, हे आमच्यातल्या थोरल्यांना आठवतं.

किल्लारीत माणसं कशी गेली, हे समजून घेणं आपल्यासाठी गरजेचं आहे. तिथली घरंही आपल्यासारखीच. दगडाच्या जाड भिंती, पण चुन्याऐवजी चिखलात रचलेल्या. भिंतीला बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, आणि मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवणारे लांब दगड बऱ्याच घरांत नव्हतेच. हादरा बसला तशा भिंती दोन बाजूंना उकलून पडल्या. आणि वर माती किती? दर उन्हाळ्यात नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं करत करत दोन-दोन फूट जाडीचे थर झाले होते. आम्ही हिशेब केला. एक घनफूट कोरडी माती साधारण पंचेचाळीस किलो भरते. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टन. दोन फूट म्हणजे नऊ टन! पावसात भिजली की त्याहून जड. एवढं ओझं झोपलेल्या लेकरांवर आलं.

मात्र त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. जिथे लाकडी खांब आणि तुळयांचे खण मजबूत होते, सांधे घट्ट होते, तिथे भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. म्हणजे एकट्या मातीला दोष देऊन भागणार नाही. दोष बेसुमार वजनाचा, सुट्या भिंतींचा आणि सैल सांध्यांचा होता.

भूकंपानंतर सरकारने जी गावं पार कोसळली ती नव्या जागी बांधून दिली. पण हजारो घरं अशी होती की जी डागडुजी करून मजबूत करता येत होती. इथे आपल्यासारख्या बायांचं मोठं काम झालं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर महिला मंडळांतल्या बाया गावोगाव 'संवाद सहायक' झाल्या. हजाराहून अधिक गावांत त्यांनी घरमालकांना समजावलं, पैसे कुठे कसे लावायचे ते सांगितलं, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवलं. छपरावरची जादा माती उतरवून थर पातळ करा, भिंतीतून आरपार बांधणारे दगड किंवा काँक्रीटच्या गुजा बसवा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्या. ज्या बायांना आधी घरच्या बांधकामात कुणी विचारत नव्हतं, त्या गवंड्याला "इथे टेकू कुठाय?" असं विचारू लागल्या. हा इतिहास आपल्या बचत गटांच्या पोरींना ठाऊक असायला हवा.

आपल्याकडे मात्र झालं असं की भीतीपोटी अनेकांनी माळवद उतरवलं आणि पत्रा टाकला. वजन गेलं, पण गारवाही गेला. पुढे घरकुलं आली. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून सुरू झाली. स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर, आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांची मदत. घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर, हे त्यातलं फार चांगलं कलम. ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला. स्लॅब गळत नाही, आगीचं भय नाही, नीट बांधला तर मजबूत. पण त्याची एक खोड आहे. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून ऊन तीन-चार तासांत खाली येतं. म्हणजे दुपारचं ऊन नेमकं दिवेलागणीला आत येतं, जेव्हा आपण चूल पेटवतो आणि लेकरं अभ्यासाला बसतात. रात्री बारापर्यंत भिंती धगधगतात.

आणि मग घरातली माणसं काय करतात? पुरुष पारावर जातात, देवळात जाऊन आडवे होतात. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या दगडी मंडपात भर उन्हातही किती गार वाटतं! पण सुनेने दुपारी देवळात जाऊन पडायचं, हे अजून आपल्याकडे चालत नाही. बाळंतीण, तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेली सासू आणि त्यांना बघणारी बाई, ही चौघं तापलेल्या छपराखालीच राहतात. म्हणून छप्पर हा बायांचा प्रश्न आहे. घर बांधताना टीव्ही कुठे ठेवायचा ते सगळे बोलतात, वरून ऊन कसं अडवायचं ते कुणी बोलत नाही.

तर मैत्रिणींनो, करायचं काय? मागे जाऊन सगळ्यांनी माळवद बांधा, असं आम्ही म्हणत नाही. माळवदाने शिकवलेल्या गोष्टी नव्या छपराला लावायच्या. त्या तीनच आहेत. ऊन परतवा, ऊन अडवा, आणि आत आलेली धग बाहेर जाऊ द्या.

ऊन परतवायला पांढरा रंग. होळी झाली की पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुना द्या. विरलेला चुना गाळून घ्यायचा, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक किंवा बाजारातलं चिकटद्रव घालायचं, छप्पर झाडून स्वच्छ करायचं आणि दोन हात मारायचे. डोळ्यांत चुना जाऊ देऊ नका, हाताला पिशवी बांधा. पत्र्यावर उभं राहायचं तर खाली जिथे पाइप किंवा वासा आहे तिथेच पाय ठेवा, आणि काम सकाळी उन्हाच्या आधी करा. पावसात चुना धुऊन जातो, दर वर्षी द्यावा लागतो, पण खर्च थोडा. अहमदाबादला २०१० साली मे महिन्यात उष्णतेची मोठी लाट येऊन गेली. त्यातून शिकून २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचं काम हाती घेतलं. तेलंगणाने तर २०२३ साली थंड छपरांचं राज्याचं धोरणच जाहीर केलं. आपल्या आज्या दिवाळीला भिंतींना चुना द्यायच्या, आपण तो होळीला छपरावर चढवायचा, एवढंच.

ऊन अडवायला मध्ये पोकळी. जुन्या घरातला माळा आठवा. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं किंवा चांगल्या छताच्या पाट्यांचं दुसरं छत बसवा. पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळी ठेवा, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघेल आणि उंदीर-साप आत येणार नाहीत. चुलीच्या वर तट्ट्या नको, विजेच्या तारा त्यातून नेऊ नका. उन्हाळ्यात काहीजण पत्र्यावर कडबा नाहीतर पाचट टाकतात. गार वाटतं, पण आगीचा धोका मोठा, शेजारच्या घरालाही. आमच्या वस्तीत एका दुपारी चुलीच्या ठिणगीने असं छप्पर पेटलं होतं. माणसं वाचली, धान्य गेलं. त्यापेक्षा वेलाचा मांडव करा. दोडका, घेवडा, भोपळा चढवा. सावलीची सावली, भाजीची भाजी. स्लॅबवर पांढऱ्या फरशीचे फुटके तुकडे बसवता येतात, तेही ऊन परतवतात. पण पत्र्यावर माती कधीच टाकू नका, आणि स्लॅबवर टाकायची असेल तर जाणत्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकू नका. ओझ्याचा हिशेब आपण मघाशी केलाच आहे.

धग बाहेर काढायला वरचा झरोका. जुन्या माळवदाला धूर जायला वर भोक असायचं. नव्या घरात भिंतीच्या वरच्या अंगाला समोरासमोर दोन झरोके ठेवायला गवंड्याला बजावून सांगा. तापलेली हवा वर जाते, तिला वाट हवी.

आणि ज्यांची माळवदं अजून उभी आहेत त्यांनी ती घाईने पाडू नका, पण आंधळेपणाने राहूही नका. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे टोचून बघा, लाकूड कुजलंय का, वाळवी आहे का. नवी माती टाकायच्या आधी तेवढीच जुनी उतरवा. थर साधारण वीतभरच ठेवा, खाली जाड प्लास्टिकचा कागद घाला म्हणजे गळती थांबते. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे टेकू द्या. भिंत पोटात फुगली असेल तर त्या खोलीत झोपू नका, आधी जाणत्याला दाखवा. आणि माती वाहायचं काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या. थंड घर सगळ्यांना हवं, तर पाटी एकटीच्या डोक्यावर का?

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात तीन घरं निवडा : एक माळवदाचं, एक पत्र्याचं, एक स्लॅबचं. आशाताईंकडून किंवा शाळेतून हवेचं तापमान बघायचा थर्मामीटर मागून आणा. सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री नऊला तिन्ही घरांतला आकडा वहीत लिहा. आठवडाभर लिहा. मग एका पत्र्याला चुना देऊन पुन्हा आठवडाभर लिहा. ती वही घेऊन ग्रामसभेत उभं राहता येतं. अंगणवाडीवर पत्रा असेल तर पहिला चुना तिथेच द्यायला सांगा, कारण तिथे आपलीच लेकरं दुपारची झोपतात.

त्या आजींच्या घरी आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. त्यांचा मुलगा माळवद काढून स्लॅब टाकायचं म्हणतोय. आजी म्हणाल्या, "टाकू दे, गळतंय ते, मला आता वर चढवत नाही. पण त्याला म्हणावं, वरून पांढरा रंग दे आणि झरोका ठेव." आम्हाला वाटलं, एवढ्या मोठ्या भाषणात आम्ही जे सांगितलं ते आजींनी एका वाक्यात सांगितलं.

तुमच्या घराच्या छपराची गोष्ट आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ती याच कार्यक्रमात सांगू. उन्हाची काळजी घ्या, पाणी पीत राहा.